ओलं कौल

खानापुरात, कौलांच्या कारखान्यात
माझं काम एवढंच:
डाव्या तळव्यावर कौल तोलायचं
आणि उजव्या बोटाच्या पेरानं ठोकायचं.
खण् वाजलं तर पलीकडच्या थप्पीत,
बद्द वाजलं तर ओढ्याकाठच्या ढिगात.
दिवसाला बाराशे, कधी तेराशे.
डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसतो.
चीर आत असते,
वरून कौल लालभडक, लग्नाला निघाल्यासारखं.

तबीथा गेली त्या वर्षापासून
मी देवालाही ठोकून बघू लागलो.

बेळगावच्या दवाखान्यात सतरा रात्री काढल्या.
पाळकसाहेब शेवटच्या एस्टीनं यायचे,
पहाटेच्या गाडीनं परत.
मंडळीतल्या बायका जिन्यावर बसून
कानडीत मागायच्या, मराठीत मागायच्या,
लोंढ्याची फिलोमिना कोकणीत.
तीन भाषांत मागितलं आम्ही.
नाही म्हणायला त्याला एकही लागली नाही.

अकरा वर्षांची होती.
नाव एलिशिबानं ठेवलेलं,
या नावाची बाई मेलेली उठून बसली होती, म्हणाली,
आयुष्य लागेल पोरीला.

पुढं मी देवळात जायचो, नाही असं नाही.
साडेआठची कानडी उपासना सुटलेली,
दहाची मराठी भरायची असलेली,
त्या मधल्या अर्ध्या तासात जायचो.
कुणीच नसायचं. कुठलीच भाषा नसायची.
बाकाला पेर लावायचो, खांबाला लावायचो,
एकदा तर वेदीच्या लाकडालाही.
बद्द.
मग स्वतःच्या छातीला.
तिथंही बद्द.
त्या उशिरा आलेल्या शिष्याला
बोट घालायला जखम तरी दिली होतीस की.
मला काय, भिंत?

दिवाळीच्या आधी अवकाळी आला,
शेडचा एक पत्रा उडाला
आणि कोपऱ्यातली अख्खी थप्पी रात्रभर भिजली.
सकाळी मी एक उचललं, बद्द.
दुसरं, बद्द.
चाळीसेक ढिगात फेकली असतील,
फेकताना बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.
भट्टीवरचा रुद्राप्पा राख झटकत आला,
त्यानं माझं मनगट धरलं.
''हसी ऐती, ओडदिल्ल.''
ओलं आहे. फुटलेलं नाही.

एकवीस वर्षं हेच काम करतोय मी.
भिजलेलं कौल बद्द वाजतं,
हे मला ठाऊक नव्हतं का?
पहिल्याच पावसाळ्यात शिकलो होतो,
नव्या पोरांना शिकवलंही होतं.
पाणी आत मुरलं की आवाज बसतो.
ऊन द्यायचं, थांबायचं, मग ठोकायचं.

ढिगाकडं गेलो. बरीचशी फेकताना फुटली होती,
ती माझ्या हातानं फुटली.
नऊ धड निघाली.
आडव्या भिंतीवर ओळीनं लावून ठेवली
आणि डबा न उघडता तिथंच बसलो,
मलप्रभेकडून वारा येत होता.

तेव्हा पहिल्यांदा रडलो. तीन वर्षांनी.
दवाखान्यात नाही, मातीच्या वेळी नाही,
तिथं, नऊ कौलांपुढं.
किती पाणी मुरलं होतं, बाबा.

तो दिसला वगैरे नाही.
तबीथा का गेली, तेही कुणी सांगितलं नाही,
अजून विचारतो, विचारणं सोडलेलं नाही.
एवढंच कळलं, की ठोकणारा मी एकटाच नसणार.
कुणीतरी मलाही तळव्यावर घेतलं असेल,
बद्द ऐकलं असेल
आणि ढिगाकडं हात नेला नसेल.
त्याला ओलं नि फुटकं यातला फरक
रुद्राप्पापेक्षा जास्त कळत असेल, असं धरून चालतो.
धरून चालणं, यालाच विश्वास म्हणत असतील
तर तो आहे माझ्याकडं. किंचित दमट आहे.

या रविवारी दहाच्या उपासनेला थांबलो.
गाणं नाही म्हटलं, ओठ हलवले.
एलिशिबानं पुस्तक माझ्याकडं सरकवलं,
पान आधीच काढून ठेवलेलं.
घरी येताना तिनं विचारलं, त्या कौलांचं काय झालं?
म्हटलं, उन्हात आहेत.
ठोकून बघितलीस?
नाही अजून.
बरं, म्हणाली,
घाई कुणाला आहे.